शेंदूर लावलेला पंखा

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गोदावरीवर मी जे काही पराक्रम केले ते वाचताना कुणाचा गैरसमज व्हायचा नाही. माझा जन्म जालन्याचा. आमच्याकडे नदी म्हणजे कुंडलिका, आणि ती वर्षातले बरेच महिने गुरांना चरायला बरी पडायची. अशा गावातल्या माणसाला सरकारने मोटारबोटीचा तज्ज्ञ ठरवलं, यात माझा दोष एवढाच की मी नाही म्हटलं नाही.

पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं होतं, पण त्याची कपाटं होती तिथेच होती. खालच्या फळीवर उर्दू कागद, वरच्या फळीवर इंग्रजी, आणि दोन्ही न वाचता पुढे सरकवणारे कारकून मधे. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबादचा तालुका होता. तिथे आमच्या रस्तेखात्याच्या वर्कशॉपमध्ये मी हंगामी फिटर होतो. रोलर, ट्रक, खडी फोडायचं यंत्र, जे येईल ते उघडायचं आणि शक्यतो तेवढेच नटबोल्ट परत लावून बंद करायचं. हंगामी असण्याला तीन वर्षं झाली होती. राजूरच्या एका मुलीशी माझं जमत आलं होतं, पण तिच्या वडिलांनी निरोप धाडला होता की पोरगा कायम झाला की कळवा, मग बैठकीचं बघू. त्यांचंही चूक नव्हतं.

अशात एक कागद आला. अंबड तालुक्यात गोदावरीच्या एका घाटावर खात्याची छोटी मोटारबोट होती, महायुद्धातून उरलेल्या मालातली. इकडचा रस्ता नदीपाशी संपायचा आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू व्हायचा. मधलं अंतर लोकांना बोटीने पार न्यायचं. कागदात म्हटलं होतं की बोट चालते पण चालत नाही, तरी तज्ज्ञ पाठवावा. आमचे हेडमिस्त्री, ज्यांना सगळं वर्कशॉप उस्ताद म्हणायचं, त्यांनी विचारलं की बोट कुणी पाहिली आहे का. मी लहानपणी मुंबईला मामाकडे गेलो असताना धक्क्यावर उभं राहून एक पाहिली होती, लांबून. बाकीच्यांनी तेवढीही नव्हती. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा मी निवडला गेलो.

मी म्हटलं, "उस्ताद, मला बोटीतलं काही कळत नाही."

उस्ताद पान लावत होते. म्हणाले, "इंजन तो इंजनइच रहता, बेटा. रोड पे रहा तो क्या, पानी में रहा तो क्या." मग आवाज उतरवून म्हणाले, "ये काम हुआ तो साब तेरा कागज ऊपर भेजते. पक्का होता तू."

एवढ्यावर मी हत्यारांची पेटी भरली.

अंबडपर्यंत मोटार मिळाली, तिथून पुढे बैलगाडी. श्रावण चालू होता. घाटावर पोचलो तेव्हा नदी गढूळ आणि रुंद झाली होती, आणि मला पाहताक्षणीच तिच्याबद्दल अविश्वास वाटला. बाभळीखाली एक साठीचा माणूस बसला होता, उघडा, अंगाने काटक. डाव्या हाताची करंगळी अर्धी. हाच बोटीवरचा नावाडी. तीन पिढ्या त्याच्या घराण्याने हाच घाट चालवलेला, स्वतःच्या लाकडी नावेने. दोन वर्षांपूर्वी मोटारबोट आली, त्याला खात्याची नोकरी आणि खाकी सदरा मिळाला, आणि एका घाटावर दोन नावा चालणार नाहीत असा हुकूम निघाला. त्याने आपली नाव मोडली. तिच्या फळ्या कापून घरावर छप्पर घातलं. ते छप्पर त्याने मला पहिल्या दिवशीच दाखवलं, आणि एका फळीवर अजून दोरखंडाची खूण होती.

"मिस्त्री," तो म्हणाला, "पोळा झाला की मोठे साहेब येनार हायेत. भरल्या बोटीनं पार नेऊन दाखवायचं. न्हाई जमलं तर बोट उचलून नेनार म्हनले. नोकरी बी गेली, नाव बी गेली. मंग या वयात मी काय म्हशी राखू?"

मी म्हटलं, "बाबा, काळजी करू नका. इंजिन म्हणजे इंजिनच असतं."

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "पोहता येतं का तुमाला?"

घाटावर वेळ चिलमीत मोजायचे. जुनी नाव बांबूने रेटत पलीकडे जायला दोन चिलमी लागायच्या. म्हणजे उतारूंनी दोनदा चिलीम भरून संपवावी तोवर काठ लागायचा. मोटारबोटीला भरलेली असताना तीन लागत. प्रगती मोजायला हे माप वाईट नव्हतं. गावकऱ्यांची तक्रार मात्र नव्हती. उलट, बोटीचा आवाज इतका मोठा होता की ती जोरात चालली आहे असं काठावरून सगळ्यांनाच वाटायचं.

मी इंजिन उघडलं. मला जेवढं येत होतं ते तेवढंच असल्याने फार मन लावून उघडलं. प्लग घासले, तेलाची नळी फुंकली, ठिणगीची वेळ जुळवली. इंजिन सुरू केलं तर असं गोड चालायला लागलं की मला वाटलं, झालं काम, उद्याची मोटार पकडू. मग नावाड्याने आपली परीक्षा सुचवली. बोटीच्या मागच्या बाजूला दोर बांधायचा, दुसरं टोक बाभळीला, आणि इंजिन पूर्ण सोडायचं. बोट जोर करत असेल तर दोर ताठ झाला पाहिजे. आम्ही सोडलं. इंजिन ओरडलं, मागे पाणी दुधासारखं फेसाळलं, आणि दोर आपला झोळ पडलेलाच. नावाड्याची सून धुणं घेऊन चालली होती. तिने दोराकडे पाहिलं आणि हसू दाबलं, कारण त्या दोरावर धोतरं वाळत घालता आली असती.

दुसऱ्या दिवशी दहा माणसं लावून बोट काठावर ओढली आणि कलती केली. बुडाखाली वाकून पाहिलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं. समोर चक्क रस्ता होता. डांबर, आणि डांबरात रुतलेली बारीक खडी, थरावर थर, चार बोटं जाड. मी रस्तेखात्यातला माणूस, रस्ता ओळखायला चुकणार नाही.

हे कसं झालं ते नावाड्याने सांगितलं. खात्याच्या कागदांत बोट नावाचा रकानाच नव्हता. तेव्हा कुणी तरी डोकं चालवून नदीचं पात्र हा रस्त्याचाच एक तुकडा धरला, आणि बोट म्हणजे त्या तुकड्याचा पृष्ठभाग. पृष्ठभागाची दरवर्षी दुरुस्ती व्हायलाच हवी. त्यामुळे दर उन्हाळ्यात मुकादम टोळी घेऊन यायचा, बोट पालथी घालायचा आणि कागदावर होतं ते सगळं तिच्यावर ओतायचा.

"मी म्हनलं त्याला," नावाडी म्हणाला, "डांबर बराबर हाय, पानी गळनार न्हाई. पन खडी कशाला? तो म्हनला, कागदावर दोन्ही हाय. खडी न्हाई टाकली तर उरलेली खडी दाखवू कुठं?"

त्या मुकादमाला मी ओळखत होतो. तो खरोखर प्रामाणिक माणूस होता, आणि म्हणूनच बोटीची ही अवस्था झाली होती. लबाड असता तर खडी विकून मोकळा झाला असता आणि बोट पळाली असती.

चार दिवस छिन्नी आणि हातोडा घेऊन आम्ही बोटीवरचा रस्ता उखडला. रस्ता उखडायचं काम मला खात्यात कधी कुणी दिलं नव्हतं, त्यामुळे मजा आली. खालून सागवान निघालं, गुळगुळीत, जुन्या ओळखीसारखं. बोट पाण्यात सोडली तर ती पूर्वीपेक्षा चार बोटं वर तरंगायला लागली. मी नावाड्याकडे असं पाहिलं की जणू तरंगण्याचा शोध मीच लावला आहे. पुन्हा दोर बाभळीला बांधला. दोर थोडा उचलला गेला. धोतरं नाही, पण टोपरी वाळत घालता आली असती.

तेव्हा पोळ्याला आठ दिवस उरले होते. नावाडी रोज सकाळी येऊन छपराच्या त्या फळीकडे बघायचा, मग माझ्याकडे. माणसाने शिव्या द्याव्यात, पण असं बघू नये.

आता माझ्या अकलेची गोष्ट सांगतो. बुडाचं डांबर काढताना चार दिवस माझ्या नाकासमोर बोटीचा पंखा होता. पाण्यात फिरून बोट पुढे ढकलणारा हाच, तीन पात्यांचा. तो मी रोज पाहत होतो. लालभडक, गोबरा, कडा गोल, पाती अशी जाड की पुरणपोळ्याच जोडल्या आहेत. मला वाटलं, पंखा असाच असतो. लष्करी माल, मजबूत असणारच. आयुष्यात दुसरा पंखा पाहिलेला नसला की पहिल्यावर शंका येत नाही, हे मला पुढे बऱ्याच बाबतीत पटलं.

बोट पुन्हा वर ओढली. पंख्याचा मधला नट ढिला असेल म्हणून मी हातोडीने टकटक केली. पितळेवर मारलं की पितळ वाजतं. हे मातीच्या भांड्यासारखं बद्द वाजलं. फिटरचे डोळे चुकतील, कान चुकत नाहीत. मी जरा जोरात मारलं. एका पात्यावरून तळहाताएवढी लाल खपली सुटली आणि वाळूत पडली. खाली पिवळं पितळ चमकलं, सुरीच्या पात्यासारखं पातळ.

नावाड्याने दोन्ही हात जोडले. मला नव्हे, खपलीला.

शेंदूर होता तो. गावोगावच्या दगडी देवांवर चढतो तसा, थरावर थर. पौषापासून ज्येष्ठापर्यंत बोट काठावर असायची, आणि तेवढ्या काळात दर अमावास्येला नावाड्याने पंख्याला शेंदूर लावला होता. दसऱ्याला वेगळा. देवाला लावतात तो तेलात कालवलेला शेंदूर ओलसरच राहतो. पण याच्या घरी जवसाचं तेल, शेतातल्या जवसाचं. ते वाळलं की दगड होतं. आगबोटींच्या बुडाला गंज चढू नये म्हणून जो लाल रंग देतात तो शेंदूर आणि जवसाचंच तेल असतं, हे मला पुढे कित्येक वर्षांनी एका रंगवाल्याने सांगितलं. म्हणजे पाण्याखाली टिकणारा तो रंग या माणसाने अमावास्येला बसून आपला आपण तयार केला होता. फक्त नको त्या जागी लावला होता.

त्या दिवशी मात्र मी चिडलो. म्हटलं, "बाबा, हे यंत्र आहे. म्हसोबा नाही."

"यंत्र हाय, मला ठावं हाय," तो शांतपणे म्हणाला. मग अर्धी करंगळी पुढे केली. "पहिल्या सालीच पंख्यात शेवाळ अडकलं व्हतं. मी हात घालून काढत व्हतो, तवर इंजन सुरू झालं. हिनं येवढी घेतली. बाकीचा हात सोडला. मंग मी म्हनलं, जी येवढ्यावर थांबली तिला मान द्यावा. न्हाई तर फुडच्या वेळी सगळा मागंल." मग तो म्हणाला, "आन कडंला जरा जास्त लावला. धार बोथट व्हावी म्हनून. ते बी खरं."

माझा राग जिरून गेला. मला त्याची फार दया आली, आणि थोडी लाजही वाटली, कारण माझ्या दहाही बोटांना यंत्राविषयी जे ज्ञान होतं, त्यापेक्षा त्याच्या साडेनऊ बोटांना कमी होतं असं नव्हे.

तो म्हणाला, "तुमी काढा. माझ्या हातानं न्हाई." आणि दिवसभर शेजारी फडकं पसरून बसला. मी एकेक खपली पाडायचो, तो उचलून फडक्यात ठेवायचा. देवाची शेंदराची खोळ गळून पडते तेव्हा ती नदीत सोडतात, तशी त्याने ती संध्याकाळी सोडली. सगळ्यात मोठी, पहिली पडलेली खपली तेवढी त्याने कमरेच्या कनवटीला लावली. मी पात्यांच्या कडा कानशीने साफ केल्या, एक पातं किंचित वाकलं होतं ते ठोकून सरळ केलं. दुसऱ्या दिवशी बोट पाण्यात, दोर बाभळीला, इंजिन पूर्ण. दोर ताड्कन ताठ झाला आणि बाभळीची पानं माझ्या अंगावर पडली. बोटीत वाळूची आठ पोती भरून आम्ही पलीकडे गेलो आणि आलो. जाताना अर्धी चिलीम. मी दोन्ही हातांनी काठ धरून बसलो होतो, पण आनंदाने.

नावाडी सुकाणू धरून हसत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

घोडामैदान जवळच होतं. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी साहेब आले. सोबत त्यांचे हेडक्लार्क, पटवारी, गावचे पाटील, शाळेचे मास्तर, आणखी तिघे-चौघे मानकरी. सगळे कोरे कपडे घालून. आणि मग जे झालं ते माझ्या लक्षात आधीच यायला हवं होतं, कारण मी काही परदेशातून आलो नव्हतो.

साहेब बोटीत चढले आणि सरळ पुढच्या टोकाला जाऊन बसले. पाटील त्यांच्याशेजारी. क्लार्क पाटलांच्या मागे कसा बसेल? तोही पुढे सरकला. पटवारी क्लार्कच्या मागे बसला असता तर गावात काय तोंड दाखवलं असतं? मागच्या बाजूला इंजिनाचा धूर, तेलाचे डाग आणि भोई समाजाचा एक नावाडी. तिथे कोण बसणार? पाहता पाहता आठच्या आठ प्रतिष्ठित माणसं बोटीच्या पहिल्या चार हातांत दाटीवाटीने बसली. आमच्या वाळूच्या पोत्यांना मान-अपमान नव्हता, म्हणून ती आम्ही ठेवली तिथे बसली होती. माणसांचं तसं नसतं.

बोटीचं नाक पाण्यात गेलं आणि मागची बाजू वर आली. इंजिन सोडलं तर पंखा अर्धा पाण्याबाहेर, हवेतच फिरतोय. तोच जुना आरडाओरडा, तोच फेस. बोट थोडी गेली आणि प्रवाहाबरोबर खाली वाहायला लागली. साहेबांनी घड्याळ काढलं.

दोष मला स्पष्ट दिसत होता. चार जण उठून मागे बसले की संपलं. एवढंच म्हणायचं होतं, "साहेब, जरा मागे बसता का?" मी तोंड उघडलं. साहेबांनी वळून पाहिलं. मला तो वर जायचा कागद आठवला, राजूरची बैठक आठवली, आणि मी तोंड मिटलं. याची मला आजही लाज वाटते. समोर त्या म्हाताऱ्याची भाकरी वाहून चालली होती आणि मी तज्ज्ञ म्हणून गप्प बसलो होतो.

नावाड्याने बोट वळवून परत काठाला लावली. खाली उतरला, ओंजळीने बोटीच्या मागच्या फळीवर पाणी शिंपडलं, कनवटीतून ती लाल खपली काढली आणि बरोबर पंख्याच्या वर ठेवून दिली. मग साहेबांपुढे हात जोडून म्हणाला, "चूक माझी हाय, साहेब. सांगायचं राह्यलं. या बोटीची देवी मागं बसती. पहिला मान तिच्या शेजारी बसनाराचा. फुडं बसलं तर ती बोट हलू देत न्हाई."

पाटील त्या घाटावर जन्मले होते. अशी कुठली देवी नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी नावाड्याकडे पाहिलं, नावाड्याने जमिनीकडे. "बराबर हाय," पाटील म्हणाले आणि मान मिळवायला उठले. ते उठलेले पाहून साहेब त्यांच्याआधी उठले. क्लार्क घाईने साहेबांच्या पाठोपाठ. बोट गदागदा हलली. नावाड्याने साहेबांच्या कपाळाला शेंदराचं बोट लावलं आणि त्यांना तेलाच्या डागावर बसवलं. साहेब कृतार्थ दिसत होते.

नाक वर आलं, पंखा पाण्यात बसला. पलीकडे जाईपर्यंत मास्तरांची चिलीम अर्धीच झाली होती.

त्या संध्याकाळी मी बाभळीखाली बसून अहवाल लिहीत होतो. नावाडी शेजारी येऊन बसला. "काय लिवता?"

मी वाचून दाखवलं. शेंदराचं आणि खडीचं नाव मी काढलं नव्हतं. शेंदरापायी म्हाताऱ्याला जाब विचारला गेला असता. फक्त "पंख्यावर व बुडावर साचलेला जुना लेप काढला" असं लिहिलं होतं. हा माझा मोठेपणा. त्यानंतर मात्र लेखणी सैल सुटली होती. बोट आता अत्यंत वेगवान झाली आहे, खात्याकडे अशी दुसरी नसेल, सन्माननीय पाहुण्यांनाही सुखाने जलविहार घडवता येईल, वगैरे. कायम व्हायचं होतं ना मला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "लई चांगलं लिवून राह्यले तुमी, मिस्त्री."

"मग? झालंय ते चांगलं."

"झालंय. पन सरकारला लई चांगलं हाय म्हनून कळवू नये. बरं हाय म्हनावं. चालतंय म्हनावं. बस."

मी हसलो. म्हटलं, बाबा, तुम्हाला ऑफिसातलं कळत नाही. आणि एक ओळ वाढवली.

दिवाळीच्या सुमारास मी कायम झालो. राजूरला लग्न झालं, गणपतीला नारळ फोडला. माघात साहेबांनी बोलावलं. वरच्यांनी माझा अहवाल वाचला होता. इतकी उत्तम बोट खेड्यातल्या घाटावर कशाला, असा प्रश्न त्यांना पडला होता. दूर एका शहराजवळ तलाव होता, तिथे पाहुण्यांना फिरवायला बोट हवी होती. चालत नाही म्हणून नेणार होते, ती चालली म्हणून नेली. ट्रकवर चढवायला तज्ज्ञ हवा, म्हणून मलाच पाठवलं.

मी घाटावर मान खाली घालूनच उतरलो. नावाड्याने दोर कुठे बांधायचा, पंख्याला गोणपाट कसं गुंडाळायचं, सगळं सांगितलं. स्वतः खांदा लावला. खाकी सदरा घडी घालून माझ्या हातात दिला, तो खात्याचा होता. मागच्या फळीवरची लाल खपली मात्र त्याने काढून घेतली. "तिकडं तिला कोन वळखनार," म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यात पलीकडे एक रोलर बंद पडला. मी घाटावर गेलो. बाभळ होती, छप्पर होतं, आणि पाण्यात गूळ करायची मोठी लोखंडी काहिल तरंगत होती. कुणाच्या तरी गुऱ्हाळातली मागून आणलेली. तिच्यात नावाडी उभा, हातात वल्हं. खाली दोन बायका भाजीच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. काहिलीच्या काठावर, तो उभा होता तिथे, ती लाल खपली राळेने चिकटवलेली.

"या मिस्त्री."

मी एक पाय आत टाकला. सवयीने विचारलं, "बाबा, पुढे बसू की मागे?"

"हिला फुडं-मागं न्हाई. मधी बसा."

मी बायकांच्या टोपल्यांमध्ये बसलो. काहिल गरगर फिरत निघाली. मी कडा घट्ट धरली. मधल्या धारेत त्याने विचारलं, "तिकडं चालती का बोट नीट?"

"नाही चालत. कागद आलाय, तज्ज्ञ पाठवा म्हणून."

"सगळे फुडं बसत असतील."

"हो."

त्याला हसू आलं, मलाही, आणि काहिल अशी डुलली की भाजीवालीने दोघांनाही झापलं. मला माफी मागायची होती. माघापासून मनात ठरवून ठेवलेली वाक्यं होती, ती एकही आठवेना.

"कायम झाले ना तुमी?" त्याने विचारलं.

"झालो."

"बराबर," तो म्हणाला. "येकाचं तरी झालं."

आणि पाणी उथळ लागल्यावर त्याने मला हात देऊन उतरवलं, त्याच अर्ध्या करंगळीच्या हाताने, कारण मला पोहता येत नाही हे त्याच्या लक्षात होतं.